टिपणांची बाग

टिपून ठेवणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. डायऱ्या, कात्रणं, वह्यांचे गठ्ठे घरोघरी असतात. अडतं ते नेमकी नोंद वेळेवर सापडण्यापाशी. अलीकडे संगणकावर टिपणांची ‘डिजिटल बाग’ जोपासण्याची कल्पना रुजते आहे. तिचं एक जुनं रूप मला जर्मनीतल्या चिठ्ठ्यांच्या खणांत दिसतं.

निक्लास लुमान (१९२७-१९९८) हे तिथले समाजशास्त्रज्ञ. शिक्षण कायद्याचं, नोकरी सरकारी कचेरीत. १९५०च्या दशकात त्यांनी वाचलेलं, सुचलेलं सुट्या चिठ्ठ्यांवर लिहायला घेतलं. १९६८ मध्ये ते बीलेफेल्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले, तरी हा परिपाठ सुटला नाही. अखेर चिठ्ठ्या भरल्या सुमारे ९०,०००.

पण खुबी संख्येत नव्हती. विषयवार कप्पे केले की चिठ्ठी एकाच कप्प्यात जाते. कायद्यावरची नोंद कुटुंबाच्या विषयातही हवी असेल तर? लुमान यांनी प्रत्येक चिठ्ठीला कायमचा क्रमांक दिला. ५७/१२ मधल्या एखाद्या शब्दावरून नवं सुचलं, तर ती चिठ्ठी ५७/१२अ होऊन तिच्यामागे बसे. शिवाय दूरच्या संबंधित चिठ्ठीचा क्रमांकही ते लिहून ठेवीत. फांदीला फांदी फुटे, मधून पायवाटाही पडत. १९८१च्या एका लेखात त्यांनी या पेटीला संवादातला जोडीदार मानलं, आपल्यालाच चकित करणारा.

योगायोग असा, की १९९८ सालीच मार्क बर्नस्टीन या अमेरिकन लेखकाने संगणकावरच्या परस्परांशी जोडलेल्या मजकुराला बागेची उपमा दिली. पुढे २०१५ मध्ये माइक कॉलफील्ड यांनी बाग आणि प्रवाह असा भेद केला. रोज येऊन वाहून जातो तो प्रवाह. जुन्याची पुन्हा पुन्हा निगा राखली जाते ती बाग.

माणूस गेला की टिपणांची बहुधा रद्दी होते, कारण कशाचा कशाशी संबंध हे त्याच्या डोक्यातच राहिलेलं असतं. लुमान यांनी ते संबंध चिठ्ठीवरच लिहिले होते. २०११ मध्ये बीलेफेल्ड विद्यापीठाने हा संग्रह मिळवला आणि २०१९ पासून तो इंटरनेटवर टप्प्याटप्प्याने खुला होऊ लागला. परक्या वाचकालाही त्यात वाट सापडते, ती या क्रमांकांमुळे.

म्हणून मला वाटतं, वही असो की संगणक, नवी नोंद करताना ती कोणत्या जुन्या नोंदीची सोयरी आहे, हे तिथल्या तिथे लिहावं. एवढी ओळ लिहिली, तर आपल्यामागे उरेल त्याला निदान रद्दी म्हणणार नाहीत.