बाळंतिणीचे नाव कोणत्या पटावर?

आमच्या हुडकेश्वरात नवे घर उभे राहू लागले, की घमेली वाहणाऱ्या बायांत एखादी दोनजिवाची दिसतेच. ती घरी बसली, की मजुरीही बसली.

नागपूरला हा प्रश्न जुना आहे. १८७७ साली येथे एम्प्रेस मिल सुरू झाली; पुढे गिरणीत बायाही राबू लागल्या. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेकौन्सिलात प्रसूतिलाभ विधेयकाची बाजू घेतली. मातेचा विसावा हे राष्ट्राचे हित, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे. १९२९ साली मुंबईत कायदा झाला, १९३० साली आमच्या मध्यप्रांतात. पण पैसा द्यायचा एकट्या मालकाने! मग बाईच कामावर नको, हा हिशेब त्याला सुचायला कितीसा वेळ?

त्यावर तोड निघाली विम्याची. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने मालक व कामगार दोघांची वर्गणी एका गंगाजळीत पडू लागली. १९५४ साली ही योजना नागपुरात आली. आज मालक पगाराच्या सव्वातीन टक्के भरतो, कामगार पाऊण टक्का. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांचा भत्ता मिळतो. मला तरी ही फार शहाणपणाची व्यवस्था वाटते. मात्र त्यासाठी हजेरीपटावर नाव हवे. घमेलेवालीचे, धुणीभांडी करणारीचे नाव कोणत्या पटावर? तिच्यासाठी २०१७ पासून मातृवंदना योजना आहे. पहिल्या बाळाला ५,००० रुपये. तेवढ्यात २६ आठवडे निघत नाहीत. बाळाला सावलीत झोळीत टाकून ती पुन्हा घमेले उचलते.