प्रवासी आणि कारागीर : चंडीगढच्या पर्यटनाचा एक मागोवा

‘पर्यटन’ हा शब्द आपल्या नित्याच्या बोलण्यात तसा अलीकडचा. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला यात्रा ठाऊक होती आणि कामानिमित्तचा प्रवास ठाऊक होता. परंतु केवळ पाहण्यासाठी म्हणून गाठीचा पैसा खर्चून परमुलखात जाणे ही त्यांच्या लेखी चैन होती. शब्द नवा असला तरी त्यामागचा व्यवहार मात्र फार जुना आहे. यात्रेकरू चालू लागला की त्याच्यामागोमाग पैसाही चालू लागतो. नावाडी, हलवाई, सराफ, उपाध्याय, धर्मशाळेचा रखवालदार अशा कितीतरी जणांची चूल त्याच्या पावलांवर पेटते. आज देशाच्या सकल उत्पन्नात पर्यटनाचा वाटा सुमारे पाच टक्के आहे, तो याच जुन्या व्यवहाराचा विस्तार होय.

आपण चंडीगढवासी मराठी कुटुंबे तर या व्यवहाराच्या अगदी हमरस्त्यावर राहतो. मे महिना उजाडला की पुण्या-मुंबईचे, नागपूर-कोल्हापूरचे आप्तेष्ट शिमला-मनालीच्या वाटेवर एक मुक्काम आपल्याकडे टाकतात, हा अनुभव बहुतेक घरांचा आहे. म्हणूनच मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत या विषयाचा इतिहास थोडक्यात मांडणे अप्रस्तुत ठरणार नाही, असे वाटते.

या भागाशी मराठी माणसाची ओळख प्रथम तलवारीने झाली असे आपण समजतो. १७५८ साली राघोबादादांच्या फौजा आपल्या शेजारच्या सरहिंदवरून लाहोरला गेल्या आणि मराठी झेंडे अटकेला पोचले, हे खरेच आहे. परंतु १७६० साली सदाशिवरावभाऊ उत्तरेत आले तेव्हा त्यांच्या लष्कराबरोबर लढवय्यांखेरीज फार मोठा यात्रेकरूंचा समुदाय होता. वाटा असुरक्षित होत्या. एकट्यादुकट्याने काशी-प्रयाग-कुरुक्षेत्र करणे अशक्यप्राय होते. फौजेच्या आश्रयाने तीर्थयात्रा घडेल या आशेने घरेच्या घरे बायकामुलांसह निघाली होती. त्यांच्यासाठी वाणी, सोनार, तांबट, शिंपी असा बाजार छावणीबरोबर चालत होता. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले ते सर्वश्रुत आहे. त्या दिवशी केवळ सैन्य कापले गेले नाही, तर एक चालते गाव उद्ध्वस्त झाले, ही गोष्ट मात्र आपण क्वचितच ध्यानात घेतो. प्रवाशाला सर्वांत आधी निर्भय वाट हवी, आणि ती नसेल तर त्याच्याबरोबर त्याच्यावर जगणारेही बुडतात, हा पर्यटनाच्या अर्थशास्त्राचा पहिला धडा पानिपतच्या मातीत लिहिलेला आहे.

पुढे वाटा सुधारल्या त्या अनेकांच्या पुण्याईने. अहल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात काशीपासून देशभरच्या तीर्थक्षेत्री घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. आजच्या सरकारी परिभाषेत ज्याला ‘पायाभूत सुविधा’ म्हणतात त्याच या. सराफांच्या हुंड्यांमुळे रोकड जवळ न बाळगता दूरचा प्रवास शक्य झाला. राज्यकर्त्यांनाही यात्रेतील उत्पन्न कळत होते. प्रयाग, गया, जगन्नाथपुरी येथे यात्रेकरूंवर कर होता व तो कंपनी सरकारने १८४० साली उठविला. कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, ते घरावरचे कर्ज दक्षिणेच्या पैशाने फेडावे म्हणून. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यात बंडाची धामधूम आहेच. पण एक यात्रा किती जणांच्या पोटापाण्याशी जोडलेली असते, हेही त्यातून उमगते. हरिद्वार आणि कुरुक्षेत्र येथील उपाध्यायांच्या वह्यांत आजही यात्रेकरू घराण्यांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या नोंदी पाहावयास मिळतात. पर्यटकांची मोजदाद करणारे खाते निघण्यापूर्वीची ही दप्तरे होत.

या जुन्या यात्रास्थानांचे एक वैशिष्ट्य येथे नमूद केले पाहिजे. जेथे यात्रेने गावाला टिकाऊ समृद्धी दिली, तेथे देवळाच्या जोडीला कारागीरही उभा होता. पंढरपूरला वारकरी विठ्ठलाच्या दर्शनाला जातो; परंतु परतताना बुक्का, कुंकू, तुळशीची माळ, चुरमुऱ्यांचा प्रसाद घेतल्याशिवाय त्याची वारी पुरी होत नाही. काशीला गंगाजलाबरोबर पितळेची भांडी आणि रेशमी वस्त्रे आहेत. आपल्या शेजारी अमृतसरला दरबारसाहेबांच्या दर्शनानंतर वड्या-पापड आणि फुलकारी यांच्या दुकानांत गर्दी उसळते. प्रवाशाचा पैसा तेथे केवळ मुक्काम करून जात नाही. तो गावातल्या हातांत राहतो.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. १८६४ साली शिमला ही इंग्रज सरकारची उन्हाळी राजधानी झाली आणि सपाटीवरून डोंगराकडे जाणारी वाट महत्त्वाची ठरली. १८९१ साली रेल्वे कालक्यापर्यंत आली व १९०३ साली कालका-शिमला हा अरुंद लोहमार्ग सुरू झाला. साहेबांच्या सोयीसाठी झालेला हा मार्ग स्वातंत्र्यानंतर आपल्यासारख्या मध्यमवर्गीयांचा झाला, व २००८ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. या बदलात सरकारी नोकरांच्या रजा-प्रवास सवलतीचा वाटा मोठा आहे. केंद्र सरकारने १९५६ साली ती सुरू केली. प्रथम मूळ गावी जाण्यासाठी असलेली ही सवलत पुढे चार वर्षांतून एकदा भारतात कोठेही जाण्यासाठी मिळू लागली, आणि ज्याने आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता असा सोलापूरचा कारकून सहकुटुंब कुफरीला जाऊन उभा राहिला. मराठी यात्रा कंपन्यांनी त्याची उरलीसुरली धास्ती घालविली. १९८४ साली स्थापन झालेली ‘केसरी’ किंवा २०१३ सालची ‘वीणा वर्ल्ड’ यांसारख्या कंपन्यांमुळे हिमाचलची सहल ही महाराष्ट्रात घरगुती गोष्ट झाली आहे.

या वाटेवर वसलेले आपले चंडीगढ मात्र प्रवाशांसाठी निर्माण झाले नव्हते. फाळणीत लाहोर गेले, पंजाबला नवी राजधानी हवी होती आणि निर्वासितांना निवारा हवा होता. १९५१ साली ल कार्बुझिए यांनी आराखड्याचे काम हाती घेतले. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते नगराचे उद्घाटन झाले. पाच लाख वस्तीच्या या नियोजित नगरात राहणे, काम करणे, शरीर-मनाची जोपासना करणे आणि ये-जा करणे या चार गोष्टींना स्थान होते. पाहुण्याला त्यात वेगळे स्थान नव्हते. उद्योगांसाठी पूर्वेला, रेल्वेमार्गालगत, वस्तीपासून झाडांच्या रुंद पट्ट्याने अलग केलेली जागा राखून ठेवण्यात आली. हाच आपला इंडस्ट्रियल एरिया. धुराचे कारखाने येथे नकोत, लहान उद्योग असावेत असे धोरण होते. नट-बोल्ट, ट्रॅक्टरचे व सायकलींचे सुटे भाग, यंत्रांची जुळणी अशा कामांच्या शेडी येथे उभ्या राहिल्या आणि शेकडो लेथयंत्रांवर तरुणांचे हात तयार झाले.

पर्यटक आले ते जणू न बोलावता. प्रथम देशोदेशीचे स्थापत्यविशारद व विद्यार्थी आले. १९५८ साली सुखना तलाव झाला, १९६७ साली झाकिर हुसेन गुलाब उद्यान झाले. परंतु नगराला सामान्य प्रवाशांत नाव मिळाले ते एका रस्ता-निरीक्षकामुळे. सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करणारे नेकचंद सैनी सुमारे अठरा वर्षे, कोणालाही न सांगता, राखीव जंगलाच्या एका कोपऱ्यात फुटक्या बांगड्या, चिनी मातीचे तुकडे, विजेचे निकामी सामान, कारखान्यांतला टाकाऊ माल आणि नव्या नगरासाठी उठविलेल्या गावांचे अवशेष यांतून एक सृष्टी रचत होते. ती उघडकीस आली तेव्हा वास्तविक नियमाप्रमाणे पाडावयास हवी होती. सुदैवाने तसे झाले नाही आणि १९७६ साली रॉक गार्डन लोकांसाठी खुले झाले. १९८४ साली नेकचंदांना पद्मश्री मिळाली. २०१५ साली ते निवर्तले. आपल्या मंडळाचा आणि या बागेचा जन्मकाळ जवळजवळ एकच, ही एक सुखद गोष्ट आहे. आराखड्यात नसलेली, उकिरड्यातून उभी राहिलेली ही बाग आज आराखड्याइतकीच नगराची ओळख आहे. कार्बुझिए यांच्या कॅपिटॉल संकुलाला जागतिक वारशाचा मान मिळाला तो त्यानंतर चाळीस वर्षांनी, २०१६ साली.

प्रशासनाने १९७४ साली स्थापन केलेल्या महामंडळाचे आजचे नाव या दृष्टीने मोठे बोलके आहे : चंडीगढ औद्योगिक व पर्यटन विकास महामंडळ. उद्योग आणि पर्यटन ही दोन्ही बाळे एकाच पाळण्यात! हॉटेले चालविणारी आणि लघुउद्योगांना साहाय्य करणारी संस्था एकच असावी यामागचा विचार कसाही असो, त्या नावात एक शहाणपण दडले आहे असे मला वाटते. त्या शहाणपणाची कसोटी पुढे इंडस्ट्रियल एरियातच लागली.

२००५ साली प्रशासनाने एक योजना जाहीर केली. इंडस्ट्रियल एरियाच्या पहिल्या व दुसऱ्या टप्प्यातील भूखंड शुल्क भरून व्यापारी वापरासाठी बदलून घेण्याची मुभा तीत होती. कारखान्यांच्या जागी तारांकित हॉटेले, मोटारींची दालने आणि मॉल उभे राहू लागले. २०१३ साली एलांते हा विस्तीर्ण मॉल सुरू झाला. आज बाहेरगावच्या पाहुण्यांना सुखना आणि रॉक गार्डन यांच्याबरोबर एलांतेही पाहावयाचे असते. कार्यालयीन कामानिमित्त या भागात जाणे-येणे घडते तेव्हा एका बाजूस काचेच्या दर्शनी भिंती आणि मागच्या गल्लीत लेथची घरघर, असे दृश्य नेहमी पाहतो. हा बदल सर्वस्वी वाईट आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. हॉटेलांनी व दुकानांनी हजारो मुलामुलींना काम दिले, जमिनीचे मोल वाढले, महसूल वाढला. परंतु शेडीत शिकणारा मुलगा पाच वर्षांत कसबी कारागीर होतो. त्याच्या हातातले कसब मंदीत कोणी हिरावून घेऊ शकत नाही. पाहुण्यांवर अवलंबून असणाऱ्या नोकरीची गोष्ट तशी नाही.

ही भीती निराधार नव्हे. १९८० नंतरच्या अशांत दशकात पंजाबकडे येणारा प्रवासी आटला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली व हॉटेलांचे दरवाजे एका रात्रीत बंद झाले. २०२३ च्या पावसाळ्यात हिमाचलात दरडी कोसळल्या. ऑगस्टमध्ये समर हिलजवळ कालका-शिमला मार्गाखालची जमीन वाहून जाऊन रूळ अधांतरी लोंबकळत राहिले, आणि डोंगराचा प्रवासी थांबताच सपाटीवरच्या टॅक्सीवाल्याचाही धंदा बसला. पानिपतचा धडा काळ बदलला तरी बदलत नाही. पर्यटन हे दुभते जनावर आहे. पण घरात तेवढे एकच जनावर असू नये.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. चंडीगढला येणारा प्रवासी बहुधा अर्ध्या दिवसाचा. सकाळी उतरतो, बाग पाहतो, तलावाकाठी फोटो काढतो आणि दुपारी डोंगराकडे निघतो. पर्यटनाचा लाभ डोकी मोजून कळत नाही. तो पाहुण्याच्या मुक्कामाच्या रात्री आणि त्याने स्थानिक कारागिराकडून घेतलेली वस्तू यांवरून कळतो. मग या नगरातून त्याने न्यावे तरी काय? याचे उत्तर आपल्या कचेऱ्यांतच होते. पिएर जानेरे यांच्या मार्गदर्शनाखाली नगराच्या आरंभकाळात सागवान आणि वेत यांच्या खुर्च्या-टेबले येथील सुतारांनी घडविली. पुढे ती जुनी झाली म्हणून भंगाराच्या भावाने लिलावात निघाली आणि परदेशांतील लिलावांत तीच प्रचंड किमतीला विकली गेली. २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने त्यांच्या विक्रीस आळा घातला. एका माणसाने भंगारातून वैभव उभारले त्याच नगरात वैभवाचे भंगार व्हावे, हा दैवदुर्विलास खरा. पण त्यात सूचनाही आहे. तशी खुर्ची, तिची लहान प्रतिकृती, नगराचे चिन्ह असलेल्या ‘उघड्या हाता’ची ओतीव मूर्ती हे सारे घडविण्याचे सामर्थ्य इंडस्ट्रियल एरियातील शेडींत आणि सुतारांच्या हातांत अद्याप आहे. मॉलने त्यांना एक कोपरा द्यावा आणि त्यांनी मॉलला नगराची स्वतःची वस्तू द्यावी. महामंडळाच्या जोडनावाला अर्थ येईल तो असा.

यात आपल्यासारख्या मंडळालाही करण्याजोगे आहे. संत नामदेव पंढरपूरहून निघून पंजाबात आले आणि गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे राहिले. त्यांची ६१ पदे श्रीगुरुग्रंथसाहेबात आहेत. उलट दिशेने गुरू गोविंदसिंह नांदेडला आले व १७०८ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. हजूरसाहेबांच्या दर्शनासाठी पंजाबातून नांदेडला जाणाऱ्या यात्रेकरूंचा ओघ अखंड आहे. २००८ च्या त्रिशताब्दीनिमित्त त्या शहराचे रूपच पालटले. एप्रिल २०१५ मध्ये डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा सारस्वतांनी नामदेवांची वाट पुन्हा एकदा तुडविली. पण घुमान, कुरुक्षेत्र आणि पानिपतचे काला आम ही तिन्ही स्थळे जोडणारी सहल आखावी, वाटेत चंडीगढला दोन रात्री मुक्काम ठेवावा आणि येथील कारागिरांची ओळख करून द्यावी, हे काम मराठी आणि पंजाबी दोन्ही जाणणारी येथील मंडळीच उत्तम करू शकतील.

अडीचशे वर्षांपूर्वी आपले पूर्वज या मुलखातून यात्रेकरू म्हणून गेले, तेव्हा त्यांना ओळखीचे दार नव्हते. गेल्या पन्नास वर्षांत या मंडळाने ते दार उभे केले आहे. आपण आता पाहुणे राहिलो नाही, यजमान झालो आहोत. आलेल्या पाहुण्याला वाट दाखवावी, मुक्कामाला ठेवून घ्यावे, आणि निघताना त्याच्या हाती या नगरातल्या हातांनी घडविलेली एखादी वस्तू द्यावी. ज्या नगराने आपल्याला आसरा दिला त्याचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी दिसत नाही.