तळटीप : जिवाणूंच्या पेशीपटलातील होपॅनॉइडे
* ‘जिवाणूंत कोलेस्टेरॉल नसते’ हे लेखकाचे विधान बहुतांशी खरे आहे. पण त्यांच्या पटलाला आधारच नसतो, असे कृपया समजू नये. अनेक जिवाणूंत ते काम होपॅनॉइडे करतात. कोलेस्टेरॉलसारख्या स्टेरॉलच्या रेणूत चार कडी जोडलेली असतात, होपॅनॉइडात पाच. दोन्ही स्क्वालीन या रेणूपासूनच घडतात. मात्र स्टेरॉलसाठी स्क्वालीनवर आधी ऑक्सिजन चढवावा लागतो. होपॅनॉइडाला त्याची गरज नाही, त्यामुळे हवा नसलेल्या चिखलातही ते तयार होते. हा सपाट, ताठ रेणू पटलातल्या लवचिक मेदशेपट्यांमध्ये घट्ट बसतो आणि पटल सैल पडू देत नाही. फ्रँकिया हा जिवाणू तर नत्र स्थिर करणाऱ्या आपल्या पिशव्यांभोवती होपॅनॉइडांचे थरावर थर चढवतो, कारण ऑक्सिजन आत शिरला की ते काम करणारे नायट्रोजिनेज हे विकर निकामी होते. मात्र सर्वच जिवाणूंत ती नसतात. ई. कोलायमध्ये होपॅनॉइडे नाहीत. मायकोप्लाझ्मा हा जिवाणू तर यजमानाचे कोलेस्टेरॉल वापरतो.

होपॅनॉइडांचे अवशेष खडकांत आणि खनिज तेलात कोट्यवधी वर्षे टिकतात. स्ट्रासबूर्गच्या गी उरिसाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जगभरच्या गाळांत दाखवून दिले, हे या क्षेत्रातले सर्वांत सुंदर काम होय. त्यांतील २-मिथिल होपॅनॉइडे ही सायनोजिवाणूंची, पर्यायाने प्राचीन ऑक्सिजननिर्मितीची खूण मानली जात असे. परंतु २००७ साली ऱ्होडोस्यूडोमोनास पॅलुस्ट्रिस हा ऑक्सिजन न सोडणारा जिवाणूही ती बनवतो असे आढळले. मूळ मजकुरातील ऑक्सिजननिर्मितीचा कालनिर्णय वाचकांनी हे ध्यानात ठेवून वाचावा.

— संपादक