साखरेचे लेणे

परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी घरांत मुलांच्या वाढदिवशी औक्षणाच्या तबकाशेजारी केक येऊन बसला, त्याला आता बराच काळ लोटला. पूर्वी तो बेकरीतून येई. हल्ली गृहिणी स्वतःच तो भाजतात आणि पहिल्याच प्रयत्नात त्यावर साखरेचा हत्ती बसवू पाहतात. लाटलेल्या साखरेच्या त्या पोळीस फॉन्डंट म्हणतात. हा विलायती नाद म्हणून वडीलधाऱ्यांनी नाक मुरडलेले आम्ही पाहिले आहे; परंतु त्या पोळीची वंशावळ पाहिली, तर ती आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

साखर हा शब्दच मुळी येथला. संस्कृतातील शर्करा फारसी-अरबीच्या वाटेने युरोपात पोचली आणि तिची 'शुगर' झाली. खंड या शब्दाची 'कँडी' झाली. मध्ययुगीन युरोपात साखर औषधे आणि मसाले विकणाऱ्यांकडे मिळे, आणि ती महाग असे. महाग वस्तूचा दिमाख मिरवण्याची हौस श्रीमंतांस सर्वत्र असते. १५५५ साली व्हेनिस येथे आलेस्सिओ पिएमोंतेसे या नावाने निघालेल्या ग्रंथात साखरेच्या लगद्याची कृती दिली आहे. एका काटेरी झुडपाचा डिंक गुलाबपाण्यात भिजवून मऊ करावा, लिंबाचा रस, अंड्यातील पांढरे व बारीक साखर घालून खलात घोटावा, आणि कणकेसारखा गोळा झाला की त्याची फळे, ताटे, पेले घडवावे. मेजवानी संपली की पाहुण्यांनी ताटे-पेलेही मोडून खावे! ऊन पदार्थ जवळ ठेवू नये, हा इशाराही ग्रंथकार विसरलेला नाही. पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी सर ह्यू प्लॅट यांनी अशाच कृती इंग्रज कुलीन स्त्रियांसाठी लिहिल्या.

कुलीनांच्या मेजावरून ही कला सामान्यांच्या स्वयंपाकघरात उतरण्यास साखर स्वस्त व्हावी लागली. आणि ती कोणाच्या जिवावर स्वस्त झाली, हे विसरून केकचा इतिहास सांगणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. वेस्ट इंडीजमधील उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबले. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३४ साली अमलात आला, आणि त्याच सुमारास मॉरिशसच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजुरांची भरती सुरू झाली. त्यांत कोकणातील व घाटावरील मराठी माणसेही गेली. त्यांचे वंशज आजही त्या बेटावर आहेत. आपण बदलीच्या हुकुमाने घर सोडतो, प्रवासभत्ताही घेतो. त्या लोकांच्या स्थलांतराशी आपल्या स्थलांतराची तुलना करण्याचे धाडस आम्हांस होत नाही. दरम्यान १८०२ साली सायलेशियातील कुनर्न येथे आखार्ट याने बीटपासून साखर काढण्याचा कारखाना चालू केला होता. या दुसऱ्या वाटेनेही साखर पुढे स्वस्त होत गेली.

वाढदिवसाचा केक रूढ झाला तो मुख्यतः जर्मनीतून. १७४६ साली काउंट झिंझेनडॉर्फ यांच्या वाढदिवशी मारियनबोर्न येथे एका अवाढव्य केकला त्यांच्या वयाच्या वर्षांइतकी भोके पाडून प्रत्येकात मेणबत्ती खोवली होती व मधोमध आणखी एक, असे वर्णन उपलब्ध आहे. (औक्षणाचा दिवा आपण फुंकत नाही, घरोघरी आजी आणि नातवंडे यांचा तंटा होतो तो येथेच.)

'फॉन्डंट' हा शब्द फ्रेंच, अर्थ विरघळणारा. पाक शिजवून, निववून, पांढरा होईपर्यंत घोटला की मूळ फॉन्डंट होतो. तो केकवर ओततात. लाटण्याचा प्रकार निराळा. त्यात दळलेल्या साखरेबरोबर ग्लुकोज, जिलेटिन आणि ग्लिसरीन असते. नवशिक्या हाताची फजिती होते ती बहुधा दोन ठिकाणी. केक पुरता निवला नसेल, किंवा त्याला लोण्या-साखरेचा पातळ लेप दिला नसेल, तर पोळी नीट बसत नाही. दुसरे कारण हवा. साखर ओलावा ओढते. म्हणून कोलकात्याच्या पावसाळ्यात गोळा हाताला चिकटतो, तर दिल्लीच्या कोरड्या वाऱ्यात लाटता लाटता त्याला भेगा पडतात. सजवलेला केक शीतकपाटातून दमट हवेत काढला की त्याला घाम फुटतो, तो याच कारणाने.

हवेचे हे लहरीपण आपल्या आज्यांना ठाऊक होते. संक्रांतीचा हलवा करताना त्या मंद आचेवरील परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घेऊन चमच्याचमच्याने पाक सोडत आणि बोटांनी तो हलवत राहत. काम दिवस दिवस चाले, बोटे पोळत, आणि थंडी चांगली पडली नाही तर काटा येत नसे. तो हलवा ओवून हार, बाजूबंद, मुकुट करीत आणि बोरन्हाणाला काळे झबले घातलेल्या बाळाच्या अंगावर चढवीत. व्हेनिसच्या ग्रंथातील पेल्यांप्रमाणे हे दागिनेही खाण्यासाठीच असत, आणि समारंभ संपेपर्यंत धीर धरणारे बाळ आम्ही अद्याप पाहिलेले नाही.