संयुक्त ‘मानापमान’

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेल्या संयुक्त ‘मानापमाना’ची आठवण निघाली, की जुन्या रसिकांच्या बैठकीतून आलेला एकच प्रश्न हटकून पुढे येतो: बाजी कोणी मारली? केशवराव भोसल्यांच्या धैर्यधराने, की १९११ पासून भामिनी गाजविणाऱ्या बालगंधर्वांनी? मला हा प्रश्नच गौण वाटतो. ‘गंधर्व’ आणि ‘ललितकलादर्श’ या प्रतिस्पर्धी मंडळ्या. दोघींचे पोट तिकिटांवर, आणि आपला गायकनट हेच प्रत्येकीचे भांडवल. ते एकाच रंगभूमीवर तुलनेला उभे करणे म्हणजे धंद्याच्या दृष्टीने केवढे धाडस! एक जण फिका पडता, तर त्याच्या बिऱ्हाडातील तबलजीपासून पडदे ओढणाऱ्यापर्यंत साऱ्यांना झळ लागती. टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांनी ती जोखीम पत्करली.

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. वय अवघे एकतीस. बापूराव पेंढारकरांनी ‘ललितकलादर्श’ पुढे चालविली. ‘वन्स मोअर’ची मोजदाद ज्याला करायची त्याने खुशाल करावी; त्या रात्रीचे श्रेय मी दोन्ही बिऱ्हाडांना सारखेच देतो.