सुनंदेचं लेकरू आणि आपली परीक्षा



ओझरला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. दुपारी दीड-दोनला लेकराला कसंबसं झोपवावं, पावलं न वाजवता येऊन पुस्तक उघडावं, आणि नेमकं त्याच वेळी डोक्यावरून विमान जावं. खिडकीच्या काचा थरथरतात आणि पाठोपाठ पाळण्यातून हाक येते. १९६४ पासून इथे एचएएलचा कारखाना आहे. आधी मिग, आता सुखोई. आमच्या गावाला बाहेरचे लोक 'ओझर मिग' म्हणूनच ओळखतात. ज्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीतून पुढे एचएएल झाली, ती १९४० साली बंगळुरूत काढणारे वालचंद हिराचंद हे सोलापूरच्या जैन घराण्यातले, याचा मला अभिमान आहे. पण दुपारी दोन वाजता तो अभिमान जरा कमी होतो, हे खरं!

लग्न झालं तेव्हा माझं बी.ए.चं दुसरं वर्ष सुटलं होतं. ते आता मुक्त विद्यापीठातून पूर्ण करतेय. घरात दीड वर्षाचा मुलगा आहे. दुकानाचे जीएसटीचे कागदही माझ्याकडेच असतात. अभ्यासाला मिळते ती त्याची एक झोप. मी ती सामायिकात मोजते. ४८ मिनिटं मिळाली तर एक सामायिक झालं. चांगल्या दिवशी दोन होतात.

गेल्या परीक्षेच्या दिवसांत पाच दिवस त्याला नाशिकला नणंदबाईंकडे ठेवलं. त्यांनी फार प्रेमाने सांभाळलं. सहाव्या दिवशी घ्यायला गेले तर तो माझ्याकडे येईना. त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून बसला. सगळे हसले, मीही हसले. रात्री मात्र झोप लागली नाही. पेपर चांगले गेले होते, तरी मनात एकच विचार होता, आपण हे बरोबर करतोय ना?

म्हणून मागे वळून शोधत गेले, की आपल्या आधीच्या बायकांनी हे कसं केलं. जे सापडलं ते तुमच्यासमोर ठेवते.

पाळण्यातला अभ्यास

सुरुवात आपल्याच घरातल्या गोष्टीने करू. आर्य वज्रस्वामींची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात 'परिशिष्टपर्वा'त ती सविस्तर सांगितली आहे. माळव्यातल्या तुंबवन गावची सुनंदा गरोदर असतानाच पती धनगिरींनी दीक्षा घेतली. बाळ जन्मलं. वडिलांच्या दीक्षेचं बोलणं कानावर पडताच त्याला पूर्वजन्माचं स्मरण झालं आणि आईचा मोह सुटावा म्हणून ते रडू लागलं. सहा महिने रडत राहिलं. शेवटी धनगिरी मुनी गोचरीला दाराशी आले, तेव्हा थकलेल्या सुनंदेने ते मूल त्यांच्या झोळीत घातलं. झोळी वज्रासारखी जड लागली, म्हणून नाव वज्र.

पुढचा भाग आपल्या विषयाचा आहे. मुनी तान्हं बाळ कसं सांभाळणार? ते श्राविकांकडे दिलं गेलं. साध्वीजींच्या उपाश्रयात पाळणा बांधला. श्राविका त्याला न्हाऊमाखू घालत, झोके देत, आणि शेजारी साध्वीजींचा स्वाध्याय चाले. ऐकता ऐकता त्या बाळाला अकरा अंगं मुखोद्गत झाली.

ही श्रद्धेची कथा आहे, श्रद्धेनेच ऐकावी. पण त्यात एका घराचं चित्रही आहे. पाळणा आणि पाठ एकाच जागी चालू शकतात, हे आपल्या परंपरेने मान्य केलं आहे. अभ्यास करणाऱ्या वेगळ्या, झोका देणाऱ्या वेगळ्या, म्हणून तो पाठ अखंड चालला. झोका देणाऱ्या त्या श्राविकांपैकी एकीचंही नाव मात्र कथेत नाही.

आणि सुनंदा? बाळ तीन वर्षांचं झालं. त्याला हसतं-खेळतं पाहून तिने ते परत मागितलं. वाद राजापर्यंत गेला. तिने खेळणी आणि मिठाई मांडली, धनगिरींनी रजोहरण पुढे केलं. मुलाने रजोहरण उचललं. नंतर सुनंदेनेही दीक्षा घेतली. लहानपणी ही कथा ऐकताना माझं सगळं लक्ष वज्रकुमाराकडे असायचं. परवा नणंदबाईंच्या दारातून परतताना पहिल्यांदा सुनंदा आठवली. सहा महिने रडणारं मूल घेऊन ती एकटी बसली होती. तिच्याकडे त्या श्राविका आधीच का आल्या नाहीत, असं मनात आलं.

दीड वर्षाची मनोरमा

आता लिखित इतिहासाकडे येऊ. पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा एप्रिल १८८१ मध्ये जन्मली. पुढच्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी गेले. मूल वर्षाचंही नव्हतं. त्याच वर्षी, १८८२ मध्ये, रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहून छापलं आणि हंटर आयोगासमोर स्त्रीशिक्षणाबद्दल साक्षही दिली. हे सगळं कडेवर मूल असताना! १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला शिकायला गेल्या.

त्यांनी पुढे धर्म बदलला, त्या वादात मी शिरत नाही. मला आईची गोष्ट पाहायची आहे. वाँटेज इथल्या ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांनी मनोरमेलाही सांभाळलं. पण सांभाळता सांभाळता मुलीला काय शिकवायचं, कसं वाढवायचं, यावरही त्यांचं मत होतं. सिस्टर जेराल्डीन आणि रमाबाई यांच्यात यावरून बरेच खटके उडाले. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. पुढे तिथला मुक्काम लांबला, तेव्हा पाच वर्षांच्या मनोरमेला त्यांनी परत इंग्लंडला धाडलं. मायलेकींची ताटातूट झाली. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. मनोरमा मोठी होऊन आईच्या कामात उजवा हात झाली.

आपल्या घरातही हे ओळखीचं आहे ना? सासूबाई, आई, नणंद, जी कोणी मूल सांभाळते, ती त्याला काय भरवायचं, कधी झोपवायचं हेही ठरवते. मदत आली की थोडा हक्कही येतो. मला पूर्वी याचा राग यायचा. पण रोज झोका देणाऱ्या बाईला मतच असू नये, ही माझी अपेक्षाही जरा चुकीचीच होती.

वेळ कोणाला होता?

आपल्या समाजातलं नाव सांगायचं तर मगनबेन, म्हणजेच मगनबाई. जन्म १८७९. वडील मुंबईचे प्रसिद्ध जवाहिरे दानवीर सेठ माणिकचंद हिराचंद झवेरी, सी. पी. टँकजवळची हिराबाग धर्मशाळा ज्यांनी बांधली ते. ऐन तारुण्यात मगनबाईंना वैधव्य आलं, पदरात लहान मुलगी. त्या काळी अशा सुनेला कोपरा दाखवला जाई. सेठजींनी तिला माहेरी आणून शिकवायला बसवलं. संस्कृत, धर्मग्रंथ, सगळं. घरात माणसांची कमी नव्हती, त्यामुळे नातीला सांभाळणारे हात होते आणि लेकीला पाठासाठी वेळ होता. १९०९ मध्ये मगनबाईंनी श्राविकाश्रम काढला, आधी अहमदाबादला आणि मग मुंबईत. ललिताबाई आणि सोलापूरच्या कंकुबाई त्यांच्या सोबतीणी. १९३० मध्ये त्या गेल्या, तोवर कितीतरी जणी तिथे शिकून शिक्षिका झाल्या होत्या.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. शारदा सदन १८८९, कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६, आपला श्राविकाश्रम १९०९. या सगळ्या संस्था मुख्यतः विधवांसाठी उभ्या राहिल्या. त्यांचं दुःख मोठं होतं, गरजही मोठी होती. संसारातल्या, कडेवर मूल असलेल्या बाईने शिकायचं तर तिचा वेळ आधीच घरातल्या सगळ्यांमध्ये वाटला गेलेला. तिच्यासाठी पुण्यात रमाबाई रानडे आणि देवधरांनी त्याच १९०९ साली सेवासदन काढलं. प्रौढ, विवाहित बायकांचे वर्ग दुपारी, म्हणजे घरातली जेवणं उरकल्यावर. दुपारची ती वेळ ज्यांनी ठरवली, त्यांना बाईचा दिवस माहीत होता.

आईच्या गरजेतून बालवाडी

ताराबाई मोडक १८९२ साली जन्मल्या. संसार मोडला आणि लहान मुलगी प्रभा सोबत. नोकरी राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यांची. एवढ्याशा मुलीला कुठे, कोण शिकवणार, याचा शोध घेताना त्यांना गिजुभाई बधेकांच्या भावनगरच्या बालमंदिराची माहिती मिळाली. १९२३ मध्ये मानाची नोकरी सोडून त्या तिथे गेल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. आज गावोगाव दिसणाऱ्या बालवाडीच्या मुळाशी नोकरी करणाऱ्या एका एकट्या आईचा हा प्रश्न आहे.

१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडला गेलं. सोबत अनुताई वाघ होत्या. अनुताई बालविधवा होत्या आणि त्यांची पहिली शिक्षकी आपल्याच नाशिक जिल्ह्यातली. दोघींच्या लक्षात आलं की मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण आई मजुरीला गेली की धाकटं भावंड त्यांच्या कडेवर असतं. मग त्यांनी विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ताई वर्गात, भाऊ पाळण्यात. वज्रस्वामींच्या उपाश्रयासारखंच हे, फक्त इथे झोका देणाऱ्या बाईला तिच्या कामाची शिक्षिका मानलं गेलं.

कायद्याने कोणाला मोजलं?

१९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सक्तीचं केलं. १९७६ मध्ये ही संख्या तीसवर आली. चांगलंच झालं. पण मोजल्या गेल्या फक्त बायका. म्हणजे हजारो पुरुष काम करत असले तरी पाळणाघराचा हिशेब त्यांच्यावरून होत नव्हता, जणू त्यांच्या घरी मुलंच नाहीत. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पहिल्यांदा पन्नास किंवा अधिक 'कर्मचारी' असं म्हटलं. यात स्त्री-पुरुष दोघेही आले. एवढा एक शब्द बदलायला जवळपास सत्तर वर्षं लागली. आणि घरातून काम करणाऱ्या, घरात शिकणाऱ्या आपल्यासारख्यांची मोजणी या दोन्ही कायद्यांत नव्हती.

आपल्याला जे मिळालं ते आपल्या दाराशीच आहे. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. बारावी न झालेल्या कितीतरी बायकांनी तिथली पूर्वतयारी परीक्षा देऊन बी.ए.ला प्रवेश घेतला. वयाची आडकाठी नाही, रोज कॉलेजला जाणं नाही. पुस्तकं घरी आली, पण घरातलं मूल, गॅसवरचं दूध आणि दारावरची बेल तिथेच राहिली. त्याची सोय विद्यापीठ करू शकत नाही. ती आपल्यालाच करायची आहे.

आता पुढे काय

आमच्या घरी आता असं ठरलंय. रात्री जेवणानंतर एक तास मुलगा त्याच्या पप्पांकडे. पहिले चार दिवस दोघंही रडकुंडीला आले. पाचव्या दिवशी स्वयंपाकघरापर्यंत हसण्याचा आवाज आला. सासूबाईंना मी स्पष्ट सांगितलं, "तुम्ही सांभाळता तेव्हा तुमच्या पद्धतीने भरवा, मी काही बोलणार नाही." त्या म्हणाल्या, "आणि तू वाचत असलीस की मी पाहुण्यांना आत पाठवणार नाही." चुका दोघींकडून होतात, पण सौदा टिकून आहे.

आणि माझा मुलगा? नाशिकहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच येऊन माझ्या पुस्तकावर बसला. पानं चुरगळली. मी ती तशीच ठेवली आहेत.

एक विनंती करते. स्थानकात व्याख्यानाला येताना मागच्या रांगेत बघा. एखादी सून तान्हं घेऊन अर्धी आत, अर्धी बाहेर उभी असते. ते रडलं की ती ओशाळून चपला घालते आणि निघून जाते. तिच्याकडे माना वळवून पाहण्याऐवजी आपल्यापैकी एकीने उठावं आणि म्हणावं, "दे गं इकडे, तुझं एक सामायिक होऊ दे." आळीपाळीने केलं तर कोणावरच भार नाही. सुनंदा सहा महिने एकटी राहिली. आपल्या गल्लीतल्या सुनेला सहा दिवससुद्धा तसं राहावं लागू नये.

लिहिताना काही उणं-अधिक झालं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. विमान गेलं. उठला बघा.