बरगडीतील प्रत्येक चमक ही उसण नव्हे!

दीर्घ श्वास घेताना, खोकताना वा शिंकताना बरगडीत सुई टोचल्यासारखी कळ आली, की 'उसण भरली' असे म्हणून तेल चोळले जाते. बारामती आणि इंदापूर या ऊसपट्ट्यात गळीत हंगामात मोळ्या वाहणाऱ्या तोडणी कामगारांना तर ही कळ कष्टाचीच वाटते. मात्र, तिचे मूळ स्नायूत नसून फुफ्फुसाच्या आवरणातही असू शकते. या विकारास फुफ्फुसावरणदाह अर्थात 'प्लुरसी' म्हणतात.

कळ का येते?
फुफ्फुसाभोवती दोन पातळ पदर असतात. त्यांच्यातील किंचित द्रवामुळे ते एकमेकांवरून सहज सरकतात. दाह झाल्यास ते घासले जातात व श्वासागणिक वेदना होते. विषाणूसंसर्ग, न्यूमोनिया, क्षयरोग, फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी ही त्याची प्रमुख कारणे होत.

घरी काय करावे?
- दुखऱ्या कुशीवर निजावे. त्या बाजूची हालचाल कमी होऊन आराम पडतो.
- खोकताना उशी छातीशी घट्ट धरावी.
- पॅरासिटामॉल घेता येते. प्रौढांनी २४ तासांत ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. यकृताचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. आयबुप्रोफेन वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे.
- वेदना कमी झाल्यावर अधूनमधून सावकाश दीर्घ श्वास घ्यावेत. छातीला पट्टा आवळू नये. उथळ श्वासामुळे कफ साठून न्यूमोनिया संभवतो.
- विडी-सिगारेट व चुलीचा धूर टाळावा.

वेदना थांबली, तरी सावध!
विषाणूजन्य दाह बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरतो. परंतु पदरांमध्ये पाणी साठले, की घर्षण थांबते आणि वेदनाही कमी होते. रुग्णास बरे वाटते, धाप मात्र वाढत जाते. म्हणूनच घरगुती उपाय हे केवळ वेदनेवरचे आहेत, कारणावरचे नव्हेत. छातीचा एक्स-रे काढून निदान करून घेणे अगत्याचे ठरते.

संध्याकाळचा ताप, घटते वजन, रात्रीचा घाम ही क्षयरोगाची लक्षणे होत. आवरणाच्या क्षयात बेडक्याची तपासणी अनेकदा निर्दोष येते. त्यामुळे छातीतील पाणी तपासावे लागते. उपचार साधारणतः सहा महिन्यांचे असून शासकीय रुग्णालयांत मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १ हजार रुपये साहाय्य दिले जाते. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू आहे.

विलंब नको
बसल्या जागी धाप, ओठ निळसर होणे, खोकल्यातून रक्त, पोटरीला सूज, किंवा छातीवर दडपण येऊन हात-जबड्याकडे जाणारी वेदना व घाम यांपैकी काहीही आढळल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ताप तीन दिवसांहून अधिक राहिल्यास तेल-शेकात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.